व्हेलरवरचं तिसरं पार्सल

एखादा माणूस हरावा म्हणून तुम्ही कधी मेहनत घेतली आहे का? स्वतः जिंकण्यासाठी सगळेच घेतात, ती मी विचारत नाही. फक्त समोरचा हरावा एवढ्यासाठी घेतलेली. मी घेतली आहे. ती कशी घेतली आणि तिचं काय झालं, ते इथे वेळेसकट लिहितो.

२००४ च्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग वॉशिंग्टन राज्यातल्या एका नौदल तळावर झालं. वय तेवीस. हुद्दा पेटी ऑफिसर थर्ड क्लास. ट्रेड डॅमेज कंट्रोलमन. जहाजावर आग लागली, पाणी शिरलं किंवा एखाद्या बंद खोलीतली हवा बिघडली, की पहिला धावतो तो डॅमेज कंट्रोलमन. कुठल्या खोलीत शिरायचं आणि कुठल्या नाही, हे सांगायचा पगार मला मिळत होता. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

बाबा नागपूरहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाच दिवस सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि शनिवार-रविवार पत्रकं, असा त्यांचा आठवडा होता. ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या दुकानांसमोर उभं राहून ते युद्धाविरुद्धची मराठी पत्रकं वाटत. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, मराठी वाचायला मी त्या पत्रकांवर शिकलो. २००१ नंतर मला वाटायला लागलं की कागद वाटून जगात काही हलत नाही. मी भरती झालो. बाबा म्हणाले, "वर्दी उतरवशील तेव्हा घरी ये." त्यानंतर फोन आईच करायची.

आमचं ट्रेनिंग ज्या जहाजावर चालायचं ते मुळात देवमासे मारायला बांधलेलं होतं. सगळे त्याला 'व्हेलर' म्हणत. लांबी सव्वाशे फूट. पुढचं टोक उंच, मागचा भाग पाण्याला टेकलेला. टोकावर हार्पून सोडणारी तोफ असायची. ब्रिजपासून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीपासून, त्या तोफेपर्यंत एक अरुंद लोखंडी पूल होता, कारण मासा दिसला की तोफ चालवणाऱ्याला धावत पोहोचावं लागे. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ते जहाज घेतलं, हार्पूनच्या जागी खरी तोफ बसवली आणि मागे पाणबुड्या फोडणारी स्फोटकांची पिंपं रचली. जे जहाज देवमाशाचा माग काढू शकतं ते पाणबुडीचाही काढू शकतं, हा सरळ हिशोब. युद्ध संपल्यावर ते पुन्हा शिकारीला गेलं. शिकार बंद झाल्यावर किनाऱ्याला गंजत पडलं. मग आमचं युद्ध आलं आणि नौदलाने त्याला तिसऱ्यांदा कामाला लावलं. आखातात संशयित बोटी थांबवून त्यांची झडती घेणाऱ्या बोर्डिंग टीम तयार करायच्या होत्या. त्यासाठी अडगळीचं, कोपऱ्यांचं, खणांचं जहाज हवं होतं. असं दुसरं मिळालं नसतं.

दिवस ०६०० ला हजेरीने सुरू व्हायचा. ०७०० ला डेक धुणं. ०८०० ला ब्रीफिंग. ०९०० ला ड्रिल. ड्रिल म्हणजे सहा जणांची टीम बोटीतून येऊन व्हेलरवर चढायची. उरलेले आम्ही स्मगलर. स्मगलरांनी आधी तीन पार्सलं लपवायची. टीमने पंचेचाळीस मिनिटांत ती शोधायची. रोज सापडायची. जहाज जुनं असलं तरी लपवायच्या जागा हळूहळू सगळ्यांना पाठ झाल्या होत्या.

जानेवारीत आखाताकडे निघणाऱ्या टीममध्ये डॅमेज कंट्रोलमनची जागा एकच होती. उमेदवार दोन होते. एक मी. दुसरा तन्मय केळकर.

अमेरिकेच्या नौदलात दोन मराठी मुलं एकाच धक्क्यावर, एकाच ट्रेडमध्ये यावीत, हा योगायोग सगळ्यांना गमतीचा वाटायचा. मला वाटायचा नाही. चीफ डॉसन आमचे ट्रेनिंग चीफ. ते त्याला 'केल' म्हणत आणि मला 'मेश', कारण मेश्राम त्यांच्या जिभेवर बसेना. दोघांची हाक तेवढीच छोटी होती, पण 'केल' म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. तन्मय हुशार होता. माझ्याहून हुशार. गाठ माझ्याआधी मारायचा, शिडी माझ्याआधी चढायचा, आणि वर पोहोचला की मागे वळून हात द्यायचा. हात दिला नसता तर मला तो सहन झाला असता.

त्याचं घर तळापासून अर्ध्या तासावर, बॉथेलमध्ये. जन्मही इथलाच. दर रविवारी तो मला घरी न्यायचा. माझं घर तीन हजार मैलांवर होतं आणि तिथे मला वर्दीत प्रवेश नव्हता. त्याच्या घरात दिवाणखान्यात त्याचा वर्दीतला फोटो लावलेला होता. शेजारी देव्हारा. दिवा दोघांनाही मिळून एकच. तो फोटो मी प्रत्येक रविवारी पाहिला.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी काकूंनी, म्हणजे तन्मयच्या आईने, थालीपीठं केली होती. तन्मय हाताने लोणी थापत होता.

"त्या जहाजावर अजून वास येतो म्हणे माशांचा," काकू म्हणाल्या. "देवमासे मारायचे! शी. नावात देव आहे तरी."

"आई, इट्स जस्ट अ व्हेल."

"जस्ट काय? रोहन, तू सांग. तुम्हाला दुसरं जहाज नाही का देत?"

"नेमणूक आहे काकू. मिळेल ते घ्यायचं."

"बघ, हा कसा नीट मराठीत बोलतो. तू शीक याच्याकडून."

तन्मय हसला. "यू लव्ह हिम मोअर, आई. उद्या थर्ड ड्रिल आहे. मी जिंकलो की मेशला घरी ठेवून घे. थालीपीठं खायला."

"जिंकलास तर," मी म्हणालो.

"यार, दोन झालीत ऑलरेडी. हाऊ विल यू स्टॉप मी?"

निघताना काकूंनी मला दाराशी थांबवलं. तन्मय गाडी गरम करत होता. "जागा कोणालाही मिळो," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकमेकांकडे लक्ष ठेवा. तो ऐकत नाही माझं. तुझं ऐकतो." मी हो म्हणालो. डबा घेतला. गाडीत बसलो. त्याने माझ्या बाजूचा हीटर वाढवला. तोही मला खुपला.

चीफचा नियम शुक्रवारीच जाहीर झाला होता. निवडीच्या ड्रिलमध्ये टीम आधी केलच्या हाती; पहिली दोन त्याने जिंकली आहेत. सोमवारी तिसरंही जिंकला तर जागा त्याची. एक जरी पार्सल राहिलं तर पुढची तीन ड्रिल मेशच्या हाती.

म्हणजे मला फक्त एक पार्सल सापडू द्यायचं नव्हतं.

सोमवारी ०८१० ला मी पार्सलं घेऊन व्हेलरवर गेलो. दोन नेहमीच्या जागी ठेवली. तिसरं घेऊन पुढच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या तळघरात, उतरलो. जहाजाचे जुने नकाशे मी चार रात्री जागून वाचले होते. आमच्या ट्रेनिंगच्या नकाशावर नसलेली एक जागा मला त्यात सापडली होती. हार्पूनचा दोर डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून खाली यायचा आणि जहाजाच्या तळाशी मोठमोठ्या स्प्रिंगांना बांधलेला असायचा. मासा हिसडा द्यायचा तेव्हा स्प्रिंग ताणल्या जायच्या, दोर तुटायचा नाही. महायुद्धात जहाज बदललं तेव्हा दोर गेला, स्प्रिंगा राहिल्या. त्या खणावर लोखंडी पत्रा बसवून आठ नटांनी तो बंद केला. त्यावर रंग चढला, त्यावर पुन्हा रंग. कोणाला माहीत नव्हतं.

मी पान्याने आठही नट काढले. वीस मिनिटं लागली. पत्रा सरकवला. आत काळोख आणि गंजाचा वास. मी आत उतरलो नाही. पार्सलला सुटत्या गाठीने दोरी बांधून खाली सोडलं, दोरी ओढून घेतली, पत्रा परत लावला, दोन नट हाताने फिरवले.

आता नियम सांगतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या लोखंडी खणात गंज चढतो. गंज ऑक्सिजन खातो. धोका दिसत नाही, त्याला वास येत नाही, धूर नसतो. माणूस आत उतरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला पडतो. म्हणून असा खण उघडला की आधी मीटरने हवा तपासायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची, तोंडाशी सहीची चिठ्ठी लावायची. हे आमच्या ट्रेडचं पहिलं पान आहे. मीटर माझ्या जागेपासून दहा पावलांवर लटकत होता.

मी तो घेतला नाही. विसरलो म्हणून नाही. तपासलं असतं तर नोंद करावी लागली असती, आणि ड्रिलच्या आधी रजिस्टर वाचायची तन्मयला सवय होती. नोंद दिसली असती तर पार्सल सापडलं असतं. मी स्वतःला म्हणालो, आत जाणारा तपासेलच. तोही डॅमेज कंट्रोलमन आहे. माझ्याहून चांगला आहे, असं सगळेच म्हणतात.

०९०० ला बोट आली. आम्ही स्मगलर मेसच्या फरशीवर हात डोक्यावर ठेवून बसलो होतो. ऑर्टिझ नावाचा सीमन, म्हणजे साधा खलाशी, आमच्यावर पहाऱ्याला. त्याच्या खांद्यावर रेडिओ.

०९११. "चीफ, केल. पार्सल एक सापडलं."

०९२४. "चीफ, केल. दोन."

मग दहा मिनिटं काही नाही. माझ्या छातीत एक गार, सुखाची गोष्ट पसरत गेली. त्याला दुसरं नाव देता येईल का, ते मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

०९३५ ला तन्मय मेसमध्ये आला. घामेजलेला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि मराठीत बोलला. बाकी कोणाला कळू नये म्हणून.

"तिसरं कुठेय, मेश?"

"शोध."

"सांग ना यार. आईच्या हातचं खाल्लंस काल."

"त्याची पावती देऊ का?"

"अरे, जेलस आहेस का तू?" तो हसत म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात त्याची नजर माझ्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांत लाल-तपकिरी भुगा होता आणि रंगाच्या खपल्या. त्याने माझा हात उलटा केला, पाहिला, खाली ठेवला.

"जुना रंग," तो म्हणाला. "समथिंग नोबडी ओपन्स." आणि उठून गेला. हात सोडून सगळ्याचा विचार मी केला होता. त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला.

०९४० ला रेडिओ बोलला.

"चीफ, केल. फॉरवर्ड होल्ड. इथे एक पत्रा आहे, नकाशात नाही. नट सैल आहेत. पान्याच्या ताज्या खुणा."

"केल, चीफ. चिठ्ठी आहे का?"

रेडिओत पत्रा घासल्याचा आवाज आला.

"चिठ्ठी नाही, चीफ. पण मेश सकाळी आत जाऊन आलाय. पार्सल तळाशी दिसतंय. हवा ठीक असणार. मी उतरतो."

त्याचं गणित बरोबर होतं. पार्सल तळाशी आहे, म्हणजे कोणीतरी ठेवलं. ठेवणारा मेसमध्ये जिवंत बसलाय. म्हणजे हवा चांगली. आमच्या ट्रेडमधला कुणीही घाईत हेच गणित करेल. पार्सल दोरीने खाली सोडलं होतं, हे फक्त मला माहीत होतं.

ड्रिल थांबवायला तीन शब्द असतात. ट्रेनिंग टाइम आउट. कोणीही ओरडू शकतं, सीमनपासून कॅप्टनपर्यंत, टीम असो वा स्मगलर. ऐकलं की सगळे जागच्या जागी थांबतात. का, असं त्या वेळी विचारत नाहीत.

मी ओरडलो. पण आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

पाच मिनिटं उरली होती. मी आता ओरडलो तर ड्रिल रद्द होईल, नव्याने होईल. नाही ओरडलो तर कदाचित तो वेळेत बाहेर येणार नाही. हा विचार पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते मला माहीत आहे. सेकंदकाटा चाराच्या खुणेवरून पाचाच्या खुणेवर गेला.

"ट्रेनिंग टाइम आउट! मी आत गेलो नव्हतो! ऑर्टिझ, सांग त्याला, मी आत गेलो नव्हतो!"

ऑर्टिझने तेच रेडिओवर सांगितलं. चीफनी दोनदा हाक मारली. "केल, चीफ. केल, चीफ. उत्तर दे." उत्तर आलं नाही.

मी आणि ऑर्टिझ धावलो. पत्रा बाजूला पडला होता. टॉर्चच्या उजेडात खाली त्याचे बूट दिसत होते. ऑर्टिझ तसाच उतरायला निघाला. मी त्याचा पट्टा मागून धरला. त्याने माझ्या तोंडावर कोपर मारलं. मी सोडलं नाही. बंद खणात एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघं जातात, हेही आमच्या पहिल्या पानावर आहे. ते पान मला त्या वेळी आठवलं. तासाभरापूर्वी आठवलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

श्वासाचं उपकरण घेऊन चीफ आले. ०९४५ ला ते मी चढवलं आणि उतरलो. गंजलेल्या स्प्रिंगा माझ्या मांडीएवढ्या जाड होत्या. त्यांच्यामध्ये तन्मय कुशीवर पडला होता. पार्सल त्याच्या काखेत होतं. आम्ही त्याला ०९४९ ला वर काढलं. चीफनी छाती दाबायला सुरुवात केली. मी श्वास दिले. ॲम्ब्युलन्स ०९५८ ला आली. इस्पितळात १०४० ला डॉक्टरांनी प्रयत्न थांबवायला सांगितलं. दुपारी कोणीतरी दोरीने मीटर खाली सोडला. ऑक्सिजन सहा टक्के. तुम्ही आत्ता घेताय तो श्वास एकवीस टक्क्यांचा आहे.

पहिल्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: मृताने तपासणी न झालेल्या जागेत परवानगीविना प्रवेश केला. बाकी सगळं नीट छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि कागद मागितले. दोरी, मीटर, रजिस्टर, सगळं लिहिलं. का, तेही लिहिलं. चीफ समोर बसले होते.

"मेश, हे शेवटचं 'का' लिहायची गरज नाही. कोणी विचारलेलं नाही."

"माहीत आहे, चीफ."

"मग?"

"त्या वाक्यात तो एकटा आहे, चीफ."

त्यांनी पेन परत मागितलं नाही. माझा हुद्दा गेला, आणि पुढच्या वर्षी वर्दीही. शिक्षा कमी झाली, असं माझं मत तेव्हाही होतं. व्हेलर त्याच उन्हाळ्यात तोडायला गेला. त्या खणामुळे नौदलात आता एक सूचना आहे: नकाशात नसलेली जागा सापडली की ड्रिल आपोआप रद्द. चांगली सूचना आहे. तिची किंमत एक माणूस.

मात्र घड्याळाचं मी कागदावर लिहिलं नव्हतं. ते सांगायला बॉथेलला गेलो. तेरावा होऊन गेला होता. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पाण्याचा नळ बंद केला.

"किती वेळ?"

"पाच सेकंद, काकू."

"तेवढ्यात वाचला असता?"

"माहीत नाही. डॉक्टरही नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत."

"कागदात आहे हे?"

"नाही."

"म्हणजे आता हे मी सांभाळायचं," त्या म्हणाल्या. "तुला हलकं वाटावं म्हणून." मग नळ पुन्हा सोडला आणि म्हणाल्या, "जा आता. पुन्हा येऊ नकोस."

मी पुन्हा गेलो नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून हे मी त्यांच्या एकटीवर ठेवत नाही, तुमच्यासमोर ठेवतो.

हेव्याला आपण लहान पाप समजतो. मुलांना तर हसत सांगतो, बघ तो कसा अभ्यास करतो. मी सांगतो, हेवा हा कामगार आहे. तो चार रात्री नकाशे वाचतो, आठ नट काढतो, थकत नाही. आणि एक कबूल करतो, कारण अर्धं खरं लिहायचं तर लिहूच नये. अंत्यविधीला सहा जणांनी झेंड्याची घडी घातली, चीफनी ती काकूंच्या हातात दिली, बिगुल वाजला, आणि त्या रांगेत उभा असताना मला त्याचा हेवा वाटला. तो कायमचा चांगला राहणार होता. आजही वाटतो. मी आता सत्तावीस वर्षांचा आहे. तो चोवीसच.

गेल्या वर्षी नागपूरला मामाकडे गेलो होतो. सोसायटीच्या सेप्टिक टँकचं झाकण काढलं होतं आणि एक माणूस चड्डी-बनियनवर, कंबरेला दोर बांधून आत उतरत होता. चार जण खुर्च्या टाकून पाहत बसले होते. मी विचारलं, हवा तपासली? एक काका म्हणाले, "अहो, मागच्या वर्षीही हाच उतरला होता. काही झालं नाही." ते तन्मयचंच गणित होतं. कोणीतरी आत जाऊन आला, म्हणजे हवा चांगली. तन्मयजवळ निदान तपासायला मीटर होता. या माणसांना तो कोणी दाखवलेलाही नसतो, आणि ते मेले की मसुद्यात वाक्य तेच असतं: परवानगीविना प्रवेश केला.

मी त्या माणसाला वर यायला सांगितलं. त्याचं नाव दिलीप. तो वर आला, माझ्यावर चिडला, कारण त्याचा दिवस मोडला होता. चिडलेला होता, जिवंत होता.

तन्मय केळकर, डॅमेज कंट्रोलमन, बॉथेल. उत्तम गाठ मारायचा. वर पोहोचला की मागे हात द्यायचा.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. तुमच्या गल्लीत, सोसायटीत, कारखान्यात, शेतातल्या विहिरीवर कोणी बंद जागेचं झाकण उघडून आत उतरायला निघाला, तर उठा आणि झाकणापाशी जा. तीन प्रश्न विचारा. हवा तपासली का? कशाने? कोणी? लोक हसतील, घाई करतील, तुम्ही कोण म्हणून विचारतील. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.